शिवेवरची हाक

एका राज्यात थंडी पंखांवरून येत असे. इतर राज्यांत ती कशी येते ते तुमचं तुम्हाला ठाऊक. या राज्यात ती करकोच्यांबरोबर यायची. दसरा सरला, आभाळ धुऊन निघालं, की डोंगरापलीकडून करकोच्यांचा थवा येई आणि राजाच्या सरोवरबागेत पाण्यावर उतरे. त्यांनी पंख झटकले की त्याच संध्याकाळी घरोघरी गोधड्या बाहेर निघत. ते उतरले नाहीत तर थंडी नाही, आणि थंडी नाही तर गव्हाच्या ओंबीत दाणा नाही.

सरोवरबाग राजाची खरी, पण शरदात ती सगळ्या नगराची होई. लोक जाजमं घेऊन येत, शेंगा फोडत, लेकरांना मांडीवर घेऊन आभाळाकडे बघत बसत. पक्ष्यांना बोट दाखवायचं नाही हा तिथला रिवाज. कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो सडतो म्हणतात ना, तसंच. दाखवायचंच असेल तर हनुवटीने दाखवायचं. सगळ्यांच्या मधोमध दगडी चौथऱ्यावर राजा रुक्मसेन बसे. राजा मायाळू होता, हट्टी होता, आणि पक्ष्यांतलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची पक्की समजूत होती. काय कळत होतं ते पुढे येईलच.

राजाला एकच मुलगी, चित्रांगी. लाडाने तिला चितू म्हणत. तिचं लग्न डोंगरापलीकडच्या गिरिध्वज राजाच्या मुलाशी, कुमार हेमरथाशी झालं. त्या मुलखात पाठवणीची रीत अशी, की बापाने शिवेपर्यंत जायचं. तिथून पुढे नवरीने एकटीने, पायी, राज्याची शीव ओलांडायची. सासरची माणसं पलीकडे वळणाआड थांबलेली असायची. नवरीने मागे बघायचं नाही आणि मागून कुणी हाक मारायची नाही. आता निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, हे तुमच्याआमच्या घरातलं शेंबडं पोरही जाणतं. राजा जाणत नव्हता असं नाही. पण चितू शिवेवर पोचली, डोंगराचा गार वारा आला, आणि राजाच्या तोंडून निघून गेलं, “चितू, थांब. शाल घेतलीस का?”

चितू वळली. तिचा एक पाय शिवेच्या अलीकडे होता, एक पलीकडे. तेवढ्यात धुकं उतरलं. ते विरलं तेव्हा शिवेवर कुणी नव्हतं. राजा म्हणाला, गेली पोर सासरी. शाल त्याच्या हातातच राहिली होती. डोळे पुसून तो रथात बसला.

पुढे महिने गेले. सासरहून निरोप नाही, खुशाली नाही. राणी सुलक्षणा म्हणाली, “महाराज, दिवाळी आली. चितूला माहेरी आणायला मूळ धाडा.”

राजा म्हणाला, “आपण मुलगी दिली. पोचल्याचा निरोप त्यांनी आधी धाडायचा. आणि धाडू कुणाला? चितूला भाऊ नाही. मुराळी म्हणून नोकर गेलेला तुम्हाला चालेल का?”

मानपान, दुसरं काय. मानपानापायी माणसं काय काय करतात ते सांगायला बसलो तर ही गोष्ट इथेच राहील. ती दिवाळी गेली, पुढची गेली, आणखीही गेल्या. राजा मनातून झुरत होता, पण बाहेरून ताठ होता. त्याचा सगळा जीव त्या सरोवरबागेत लागला.

तिथे एक नवल घडत असे. थवा उतरला की त्यातली एक करकोची बाजूला होई. ती सरळ चौथऱ्यापाशी येऊन राजासमोर मान वर करून उभी राही. लोकांनी टाकलेल्या ज्वारीला ती तोंड लावत नसे. राणी मात्र फराळाचं ताट घेऊन आली, की त्यातली करंजी ती चोचीने उचलून खाई. राजा दरबारात सांगत सुटे, “मला ओळखते ती. पाखरांना माणसाची पारख असते.” दरबारी माना डोलवत. त्यांना पगारच त्याचा होता.

एका फाल्गुनात थवा परत निघाला, तेव्हा राजाला राहवेना. त्याने ती करकोची धरवली. आपल्या हाताने कात्री घेतली आणि तिच्या पंखांची लांब पिसं कापली. ती ओरडली नाही. मान वळवून राजाच्या हातांकडे बघत राहिली. थवा तिच्यावाचून गेला, आणि सारा उन्हाळा, सारा पावसाळा ती सरोवराच्या काठावर डोंगराकडे तोंड करून उभी असे. कापलेल्या पिसांचा राजाने तुरा करवला. दसऱ्याच्या मिरवणुकीत तो पगडीवर मिरवत हत्तीवरून गेला. नगराने तुऱ्याचं तोंडभर कौतुक केलं.

मग दसरा सरला आणि बाग माणसांनी भरली. दुपारच्या उन्हात लांबून कर्र कर्र असा आवाज आला आणि सगळ्यांच्या हनुवट्या एकदम वर गेल्या. थवा आला, सरोवरावर आला, आणि फिरत राहिला. खाली उतरेना. एक फेरी, आणखी एक फेरी. शेंगा फोडणारे हात थांबले. असं कधी झालं नव्हतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात थव्यातून एक थोराड, पांढुरक्या गळ्याची करकोची खाली आली. ती पाण्यावर उतरली नाही. बागेच्या दगडी कठड्यावर बसली आणि बोलू लागली. पाखरू बोललं याचं कुणाला काही वाटलं नाही. त्या राज्यात पाऊस सरला की पाखरं बोलत.

“राजा, आमची एक मुलगी तू धरून ठेवली आहेस. ती परत मिळेपर्यंत आम्ही पाण्याला पाय लावणार नाही.”

राजा म्हणाला, “मुलगी कसली? तो माझा पक्षी आहे.”

“पक्षी नाही. मुलगी आहे. तुझीच आहे.”

बागेत कुणी हलेना. एका बाईच्या मांडीवरून परडी घरंगळली आणि शेंगा पायरीपायरीने खाली गेल्या, तरी ती उचलायला वाकली नाही.

करकोची पुढे म्हणाली, “तू मागून हाक मारलीस, ती शिवेवर थांबली. शिवेवर थांबेल ते निमूट नावाच्या मांत्रिकाचं होतं. त्याने तिला तिथेच थिजवून दगड केलं असतं. आम्ही वरून चाललो होतो. आम्ही तिला त्याच्याकडून मागून घेतली. तो म्हणाला, न्या. पण मग तीही तुमच्यासारखी, ना इकडची ना तिकडची, येत-जात राहील. तिला माणसाची भाषा उरली नाही, आमची कधी आली नाही. दर वर्षी ती तुझ्यासमोर येऊन उभी राहत होती. तू ओळखशील असं तिला आणि आम्हालाही वाटत होतं.”

राजाचा हात आपोआप पगडीकडे गेला. तुरा तिथेच होता. अहो, सांगताना माझ्या अंगावर काटा येतो, त्या बापाचं काय झालं असेल. पोटच्या पोरीचे पंख त्याने आपल्या हाताने कापले होते आणि डोक्यावर खोवून हत्तीवरून मिरवले होते. काठावरची ती करकोची हळूहळू चालत आली आणि नेहमीसारखी त्याच्यासमोर उभी राहिली. त्याला तिच्याकडे बघवेना.

राणी सुलक्षणा मागे उभी होती. ती रडली नाही. म्हणाली, “पाखरू करंजी खातं का कधी? मला तेव्हाच शंका आली होती.”

राजा म्हणाला, “मग बोलला का नाहीत?”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, बायकांना जिथेतिथे लेकच दिसते.”

राजाने करकोचीला उचलून छातीशी धरलं. राणीने कोठीतून ती जुनी शाल आणून त्याच्या खांद्यावर टाकली. रथ मागवला नाही, छत्र मागवलं नाही. डोक्यावर थवा फिरत होता, आणि त्याच्या सावलीसावलीने राजा शिवेकडे चालत निघाला.

शिवेवर एक धोंडा होता आणि धोंड्यावर निमूट बसलेला होता. त्याचं अंग राखेच्या रंगाचं होतं, आवाज मऊ होता. तो स्वतःहून कधी बोलत नसे. राजाला वाटलं होतं, राक्षसासारखा कुणी असेल. भांडता तरी येईल. पण हा तर उठून नमस्कार करून पुन्हा बसला.

राजा म्हणाला, “माझी मुलगी मला परत दे.”

निमूट म्हणाला, “शिवेवर अडलेलं माझं. हा नियम माझ्याही आधीचा आहे. मी तिला अडवली नाही, राजा. तू अडवलीस.”

“सोडवायला काय करू?”

“तीन गोष्टी. तिचं जे घेतलंस ते परत दे. जिथे तुझा मान अडून बसला आहे, तिथे जाऊन उभा राहा. आणि अर्धी राहिलेली पाठवणी पुरी कर. तिने शीव ओलांडली तर ती माणूस होईल. पण पुन्हा तुझा आवाज आला, तर ती दगड होईल. या वेळी मागून घ्यायला करकोचे यायचे नाहीत.”

पहिली गोष्ट राजाने तिथेच आरंभली. पगडी उतरवून मांडीवर घेतली आणि तुरा उसवला. सोनाराने पिसं जरीच्या तारेत घट्ट बांधली होती. ती सोडवताना राजाच्या बोटांतून रक्त आलं. एकेक पीस तो पंखाच्या खुंटाशी धरी आणि पगडीचा धागा काढून बांधी. बांधता बांधता त्याला पंखाखाली एक जुना व्रण लागला. लांबट, खोल, बाणाचा असावा तसा. हा काही त्याने केला नव्हता.

“हे कुणी केलं?” त्याने विचारलं.

वरून थोरली करकोची म्हणाली, “डोंगरापलीकडे जातोच आहेस. तिथेच विचार.”

करकोचीला निमूटच्या धोंड्यापाशी ठेवून राजा बोडक्या डोक्याने डोंगर चढला आणि गिरिध्वजाच्या दारात उभा राहिला. द्वारपालाने विचारलं, “कोण आलं म्हणून सांगू?” राजा म्हणाला, “मुराळी आला म्हणून सांग.” द्वारपाल आत गेला तो बराच वेळ आलाच नाही. नगरातली माणसं येता-जाता बघत होती. एका राजाला असं ताटकळत उभं राहावं लागतं तेव्हा आतून काय काय जळतं ते राजांनाच ठाऊक. रुक्मसेन उभा राहिला.

शेवटी गिरिध्वज आला, बरोबर हेमरथ. गिरिध्वज म्हणाला, “मुराळी सासरहून मुलीला माहेरी न्यायला येतो. आमच्याकडे तुमची मुलगी आहेच कुठे? तुम्ही ‘चितू, थांब’ म्हणालात, ते आम्ही वळणाआडून ऐकलं. मग ती आलीच नाही. पसंत नव्हतं तर आधी सांगायचं होतं. वरात घेऊन हात हलवत परत आलो आम्ही. सगळ्या मुलखाला तोंड द्यावं लागलं.”

रुक्मसेन म्हणाला, “व्याही, मी तिला परत बोलावली नाही. शाल घेतलीस का, एवढंच विचारलं.”

मग त्याने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कात्रीचंही नाही. गिरिध्वज ऐकता ऐकता पायरीवर बसला. हेमरथ उभाच होता. रुक्मसेन व्रणाबद्दल बोलला, तेव्हा हेमरथाने खांद्यावरचा भाता खाली उतरवला.

“तो बाण माझा आहे,” हेमरथ म्हणाला. “हे थवे तुमच्या बागेत उतरतात, तुम्ही बघत बसता, हे ऐकून होतो. तुमचं सुख माझ्या डोळ्यांत सलत होतं. शरदात थवा आमच्यावरून जायचा, तेव्हा मी बाण सोडायचो. दर वर्षी सोडायचो.”

एकाने पंख कापले होते, एकाने बाण मारले होते, आणि दोघेही इतकी वर्षं तिच्याच नावाने रुसून बसले होते. एक माणूस कुणी डोंगर ओलांडून विचारायला गेला असता तर एवढं सगळं टळलं असतं. मला तर दोघांचाही राग येतो. पण त्या घटकेला त्यांच्याकडे बघून तुमच्याही तोंडून शब्द फुटला नसता.

हेमरथाने भात्यातले बाण गुडघ्यावर मोडले आणि तो शिवेकडे चालू लागला. गिरिध्वज मागोमाग निघाला. व्याह्याच्या बोडक्या डोक्याकडे बघून त्याने आपलंही पागोटं काढून बगलेत धरलं.

आता तिसरी गोष्ट उरली. गिरिध्वज आणि हेमरथ पलीकडच्या वळणाआड थांबले. अलीकडे राजा, आणि एव्हाना त्याच्या मागोमाग येऊन पोचलेली राणी आणि सारं नगर. थवा वर गोल फिरत होता आणि खाली कुणी खोकतही नव्हतं. राणीने करकोचीसमोर करंजी धरली. तिने अर्धी खाल्ली, अर्धी राणीच्या तळहातावर ठेवली. मग ती वळून चालू लागली.

धाग्यांनी बांधलेली पिसं जमिनीवर घासत होती. चालता चालता एक धागा सुटला आणि एक पीस गळून पडलं. राजाच्या घशाशी हाक आली, त्याने ती गिळली. मग राजाच्या ध्यानात आलं, की शाल आपल्याच खांद्यावर राहिली आहे. पुन्हा राहिली आहे. त्याच वेळी डोंगराचा वारा आला, त्या दिवसासारखाच गार, आणि ती पाखराची कुडी थरथरली.

कधी स्वतःहून न बोलणारा निमूट त्याच्या कानाशी हळूच म्हणाला, “राजा, गारठते आहे ती. शाल राहिली. सांगत का नाहीस?”

राजाने शालीचा बोळा करून तोंडात कोंबला. ती ठेच लागून पडली. राणीचे डोळे मिटलेले होते. लोकांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, पण आवाज निघाला नाही. ती आपली आपण उठली. एक पाय पलीकडे गेला. दुसरा उचलला, आणि तोही पलीकडे गेला.

शिवेपलीकडे एक बाई उभी होती. पाठमोरी. अंगावर लग्नातला शालू, विटलेला. वेणीत निम्मे केस पांढरे. राजाने पाठवली होती ती कोवळी पोर होती. तेवढे पांढरे केस बघून तो गुडघ्यांवर बसला, पण शाल तोंडातून काढली नाही. तिने मागे वळून पाहिलं नाही. वळणाआडून हेमरथ पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. नुसती त्याच्या शेजारून चालू लागली. त्याचा हिशेब त्याला अजून द्यायचा होता, आणि तो द्यायला त्याच्यापाशी आता सारा जन्म होता.

दोघं दिसेनाशी झाली. राजाने तोंडातली शाल काढली, तेव्हा धोंड्यावर निमूट नव्हता. धोंडाही राहिला नव्हता. तिथे नुसती शीव होती. आणि मागे, लांब, सरोवरावर थवा उतरल्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी नगरात गोधड्या निघाल्या.

राजा तो सारा हिवाळा बागेत गप्प बसून असे. पक्ष्यांबद्दल आपल्याला काय कळतं, हे तो कुणाला सांगेनासा झाला. फाल्गुनात थवा निघाला, तेव्हा तो थोरल्या करकोचीपाशी गेला. म्हणाला, “मला मुलगा नाही. माझ्या लेकीचे मुराळी तुम्ही व्हाल का?”

करकोची म्हणाली, “होऊ.”

थवा उडाला तेव्हा राजाने मान खाली घातली होती. त्याने मागून काही सांगितलं नाही.

मग पुन्हा शरद आला. बाग माणसांनी फुलली, जाजमं पसरली, शेंगा आल्या. राजा चौथऱ्यावर बसला होता, मांडीवर शालीची घडी. रोज आणायचा, रोज परत न्यायचा. राणीने हटकणं सोडून दिलं होतं. लांबून कर्र कर्र आवाज आला, हनुवट्या वर गेल्या. थवा आला तो फेरीही न घेता थेट पाण्यावर उतरला. वाऱ्यात गारवा आला. राजाने सगळे पक्षी एकेक करून बघितले. त्याच्यासमोर येऊन कुणी उभं राहिलं नाही. हे बरंच झालं, असं त्याने मनाला समजावलं, आणि मनाला ते पटलं नाही.

बघता बघता बाग गप्प झाली. लोक पाखरं सोडून राजाच्या पाठीमागे बघू लागले होते. राणी ताट खाली ठेवून उभी राहिली. राजाला मात्र वळायचं धाडस होईना. वळल्याने काय होतं ते त्याने एकदा पाहिलं होतं.

तेवढ्यात मागून हाक आली.

“बाबा, माझी शाल द्या. थंडी पडली.”